चारच्या आतला आकडा

रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, हे मी वयाच्या खात्यावर टाकलं होतं. धार बारीक झाली, बराच वेळ उभं राहावं लागू लागलं, तेव्हा बायकोने हट्टच धरला आणि मी सोनोग्राफी करून घेतली. पाणी पिऊन पिशवी तुडुंब भरायची, पोटावरून तपासायचं, मग लघवी करून यायचं आणि मागे किती राहिली ते पुन्हा मोजायचं. रिपोर्टात होतं : प्रोस्टेट ४८ सीसी, वाढलेली. कॅन्सरचा उल्लेख नव्हता. म्हणजे तो नाही, असं मी धरून चाललो.

पोटावरची सोनोग्राफी ग्रंथी केवढी झाली आणि लघवी किती तुंबते ते सांगते. कॅन्सर आहे की नाही, हे तिच्यावरून ठरवायचं नसतं. वयाने होणारी साधी वाढ मूत्रमार्गाच्या भोवती होते, म्हणून धार अडते. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा मागच्या, कडेच्या भागात धरतो आणि सुरुवातीला काहीही त्रास देत नाही.

मला गोळी सुरू झाली. तिच्यात ड्युटास्टेराइड होतं, ग्रंथी आक्रसवणारं औषध. सुरू करण्याआधी रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, तपासायला हवा होता, तो राहून गेला. धार सुधारली, झोप लागू लागली. दीड वर्षाने पीएसए केला, आला ३.६. शेजारी छापलेलं, ‘४ पर्यंत’. मी कागद फाईलला लावला आणि विसरलो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी गोळ्यांची पट्टी मागितली, उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या ३.६ च्या बाजूला पेनाने ७.२ लिहिलं. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांवर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणून आकडा दुप्पट धरून वाचायचा. तोवर कोणीच मला हे सांगितलं नव्हतं. गोळी वाईट नाही, पण ती चालू आहे हे प्रत्येक रिपोर्ट वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

त्यांनी बोटाने तपासलं आणि बायोप्सीच्या आधी एमआरआय सांगितला. हा ‘आधी’ महत्त्वाचा. सुया टोचल्या की आत रक्त साकळतं आणि काही आठवडे चित्र गढूळ येतं. शिवाय सुई नेमकी कुठे घालायची ते एमआरआय दाखवतो. २०१७ साली ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धोक्याचे कॅन्सर एमआरआयने १०० पैकी ९३ हेरले. केवळ सोनोग्राफी बघत ठरावीक जागी सुया घालणाऱ्या जुन्या बायोप्सीने ४८. हे वाचल्यावर ‘आधी बायोप्सी उरकून घेऊ’ म्हणणाऱ्याला मी तरी थांबवेन.

यंत्रात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं. आवाज फार, पण क्ष-किरण नसतात. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. शिरेतून औषध देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं : डावीकडे, मागच्या बाजूला, हरभऱ्याएवढा काळा ठिपका. पेशी दाटीने वाढल्या की तिथल्या पाण्याला हलायला जागा उरत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. एक ते पाचच्या मोजणीत, म्हणजे पायरॅड्समध्ये, माझे चार. चार म्हणजे संशय दाट. खात्री बायोप्सीच करते. आणि एमआरआय स्वच्छ आला तरी पीएसए चढत असेल, घरात वडील-भावाला हा आजार असेल, तर फाईल बंद करू नका.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. मग पीएसएमए पेट स्कॅन झाला. कॅन्सर पसरलाय का हे पाहण्यासाठी तो असतो. पहिल्या तपासासाठी आपणहून करून घेऊ नये. माझा कॅन्सर ग्रंथीतच होता. रेडिएशन पूर्ण झालं, इंजेक्शनं अजून चालू आहेत, थकवा येतो.

परवा मेहुण्याने फोनवर त्याचा रिपोर्ट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘भावजी, ३.१ आहे, चिंता नाही ना?’ मी लगेच फोन लावला आणि गोळ्यांची पट्टी घेऊन ये म्हटलं, मागची अक्षरं वाचून दाखव. तो चष्मा शोधायला उठला, मी फोन धरून थांबलो.