पट्टा का घसरतो?

कोल्हापूरच्या गुळाचे नाव जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली. तिथे गुळाची पेठ वाढली. त्या पेठेत जाणारा गूळ आपल्या गुऱ्हाळात होतो.

गुऱ्हाळात इंजिन किंवा मोटर फिरते. तिचा जोर पट्टा चरकाला देतो. पट्टा घसरला की मोटर फिरते, पण चरक रेंगाळतो. डिझेल, वीज फुकट जाते. तोडलेला ऊस पडून वाळतो. किरकिर आवाज, रबर जळल्याचा वास, तापलेली पुली, या घसरण्याच्या खुणा. कडबाकुट्टीचे आणि पिठाच्या गिरणीचेही असेच.

काहीजण चालत्या पट्ट्यावर राळ टाकतात. असे कधी करू नये. पट्टा हात ओढून घेतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदरही ओढतो. गेलेली बोटे परत येत नाहीत. शिवाय राळेवर धूळ बसते आणि दुखणे तसेच राहते.

म्हणून आधी इंजिन बंद करू. मोटर असेल तर मेन स्विच बंद करू. पुली पुरती थांबू द्यावी. मग एकेक कारण पाहू.

1. पट्ट्याला तेल लागले आहे का? कोरड्या फडक्याने पुसावे. तेल गळते कुठून, तेही बघावे.

2. पट्टा सैल आहे का? दोन पुल्यांत दोन फूट अंतर असेल, तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे 1 सेंटीमीटर दबावा. जास्त दबला तर मोटर मागे सरकवून ताणावा. फार ताणला तर बेअरिंग जाते. नवा पट्टा थोडा वाढतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा ताणावा.

3. पुल्या एका रेषेत आहेत का? दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे.

4. पट्टा झिजला आहे का? खाचेचा पट्टा दोन्ही बाजूंनी पुलीला धरतो. तो खाचेच्या तळाला टेकला, तर बदलावा. जोडीचे पट्टे एकदमच बदलावेत.

5. रुंद, चपटा पट्टा असेल, तर त्याची सैल बाजू वर ठेवावी. म्हणजे तो पुलीला जास्त वेढतो.

एवढे करूनही घसरतो? मग चरकात एका वेळी ऊस कमी घालून पाहू. बैलावरही आपण पेलेल एवढेच ओझे घालतो ना?

काम झाले की जाळी परत बसवावी. मगच इंजिन सुरू करावे.

प्रश्न : पट्टा घसरतो हे कशावरून ओळखाल? हात लावण्याआधी काय कराल?