मुद्दे मागू नकोस, आपलं घर बघून लिही

अगं, ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’ यावर निबंध द्यायचाय, ताई, पटकन मुद्दे पाठव, असा तुझा मेसेज वाचला. मुद्दे नाही पाठवत. रागावू नकोस, जरा ऐक. मुद्दे तुझ्या गाईडमध्ये आहेत आणि ते काही चुकीचे नाहीत. हुंडा ही कीड आहे, तरुणांनी पुढाकार घ्यावा, कायदा कडक करावा. वर्गातल्या सगळ्या पोरी हेच लिहितील. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे लिहून मुलगी घरी येते, तेव्हा बैठकीत बहिणीच्या लग्नाची यादी चाललेली असते. किती तोळे, गाडी कुठली, वऱ्हाडाच्या जेवणाचा खर्च कुणाकडे. ती चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असते आणि आपण सकाळी ज्याच्याविषयी दोन पानं लिहिली ते हेच, असं तिच्या मनातसुद्धा येत नाही. तयार निबंधाने एवढं नुकसान केलेलं असतं. वाईट ते कुठंतरी लांब, दुसऱ्यांच्या घरात चालतं, अशी सवय तो लावतो.

आजूबाजूचं बघून लिहिणं कसं असतं ते सांगते. मुक्ता साळवे हे नाव तुझ्या कानावरून गेलं असेल. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, म्हणजे तुझ्याहूनही लहान. तिने लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आहे, आणि तो शाळकरी मुलीनेच लिहिलेला आहे, हे विसरू नकोस. तिच्या हाताशी गाईड नव्हतं. तिने आजूबाजूला काय दिसतं ते लिहिलं. इमारतींच्या पायात आपल्या माणसांना पुरलं जायचं, हे लिहिलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे लिहिलं. ज्यांना वेद वाचायचीही मुभा नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल केला. त्या काळात, त्या पुण्यात, त्या वयात!

पण मला त्यातली एक साधीशी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. ती सांगते, वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून आमच्या मुलांचं रक्त काढलं तरी आमची माणसं तक्रार करायला जात नाहीत. आणि लगेच कारणही सांगते. त्यांच्याच दारात उष्टं मागायला जावं लागतं, म्हणून. बघ, ‘अन्याय होतो’ एवढं कुणीही लिहील. माणसं अन्याय का सोसतात, गप्प का बसतात, त्यांचं पोट कुणाच्या हातात आहे, हे त्या मुलीने शोधून काढलं. ते एक वाक्य लिहायला डोळे उघडे लागतात आणि काळीजही लागतं.

आता तेच तुझ्या विषयाला लावून बघ. हुंडा घेणं गुन्हा आहे तसंच देणंही गुन्हा आहे, आणि हे 1961 च्या कायद्यापासून आहे. शिक्षा किमान पाच वर्षांची. दंड किमान पंधरा हजार किंवा हुंड्याची रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. मग कायदा कडक करा हा मुद्दा लिहून तू नवीन काय सांगितलंस? खरा प्रश्न तक्रार का होत नाही हा आहे. मुलीचा बाप म्हणतो, उद्या तिला त्याच घरात नांदायचंय. आई म्हणते, धाकटीचं अजून व्हायचंय, लोक काय म्हणतील. मुलगी म्हणते, बाबांनी पैसे दिलेत, मी बोलले तर तेच अडकतील. या शेवटच्या भीतीवर कायद्यात उत्तर आहे. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने दिलेल्या जबाबाच्या आधारे या कायद्याखाली त्याच्यावरच खटला भरता येत नाही. हे किती घरांत माहीत आहे? तुझ्या निबंधात हे एक वाक्य आलं आणि वर्गातल्या एका मुलीने घरी जाऊन सांगितलं, तर तो निबंध कामाचा झाला.

यादीचा कागद कसा होतो तेही लिही. ‘आमचं काही मागणं नाही, तुम्ही तुमच्या मुलीला द्याल ते द्या’ हे वाक्य कुठल्या सुरात म्हणतात ते तू ऐकलेलं आहेस. त्यानंतर बैठकीतली माणसं एकमेकांकडे कशी बघतात तेही पाहिलेलं आहेस. हे गाईडवाल्याला माहीत नाही, तुला माहीत आहे.

अशीच आणखी एक लिहिणारी, ताराबाई शिंदे. त्या बुलढाण्याच्या. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर तान्ह्या मुलाला मारल्याचा खटला चालला, आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. सुरत कुठं, बुलढाणा कुठं. ताराबाईंनी मात्र ती बातमी स्वतःच्या घरापर्यंत आणली. विधवेला पुन्हा लग्न नाही, पुरुषाला मात्र कितीही मुभा. मग दोष एकट्या बाईच्याच माथी कसा, हे विचारणारं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे लहानसं पुस्तक त्यांनी 1882 मध्ये काढलं. टीका झाली. जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्या हातात आहे. त्यांचा राग वाच, बाई. आपल्याकडे मुलींना निबंधात रागावायची परवानगी नसते, शेवटी आशावादी व्हायचं असतं. ताराबाई शेवटपर्यंत रागावलेल्या आहेत आणि त्यांचा प्रत्येक शब्द पटतो.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि दुकानात बसल्या बसल्या लिहायच्या. घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून आलं 1986 मध्ये. त्यात महारवाड्यातली भूक आहे, बाबासाहेबांच्या बोलण्याने बदललेली माणसं आहेत, आणि घरातल्या सुनांना सोसावा लागलेला मारही आहे. बाहेरच्यांनी आपल्याला छळलं हे सांगणं एकवेळ सोपं जातं. आपल्या आपल्यात आपण बायकांना कसं वागवलं, हे आपल्याच माणसांसमोर मांडणं फार अवघड असतं. ते त्यांनी केलं. तुझ्याकडे टेबल आहे, दिवा आहे, लिहिलंस तर कुणी मारणार नाही. म्हणून सांगते, एवढं तरी धीटपणे लिही.

बाकीच्या विषयांचंही हेच. ‘पाणी हेच जीवन’ आलं की पृथ्वीचा किती भाग पाण्याने व्यापलाय तिथून सुरुवात करतात. तू टँकर आल्यावर रांगेत कोण उभं राहतं तिथून कर. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसं ओंजळभर पाणी प्यायला का गेली, ते त्यात आलंच पाहिजे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 लाच झाला होता, तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना तळं बंदच होतं. पाणी आहे आणि पाणी मिळतं, यात किती अंतर असतं ते यावरून कळेल. ‘मोबाईल : शाप की वरदान’ आलं तर 2020 च्या टाळेबंदीत घरात एकच फोन असताना शाळा कुणाची चालू राहिली, तुझी की भावाची, एवढं लिही. बास.

आपल्या बीडकडच्या पोरींनी तर बालविवाहावर छापील वाक्यं लिहूच नयेत. दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात, ट्रक भरून माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता धरून. एकट्या पोराला ती उचल मिळत नाही. वयात आलेली मुलगी मागे गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा दुसरा घोर. म्हणून लग्न उरकतात. ‘अज्ञानामुळे बालविवाह होतात’ असं गाईड म्हणतं. तुझ्या शेजारच्या आईला अठरा वर्षांचा नियम चांगला ठाऊक आहे, तिच्यापाशी दुसरी वाट नाही. वसतिगृह, गावातच रोजगार, सहा महिने मुलीला सांभाळणारं कुणीतरी, हे उपाय तुला त्या आईशी बोलल्यावरच सुचतील.

तू म्हणशील, ताई, पण मार्क? खरी भीती आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. आरंभ, मध्य, शेवट नीट ठेव. परिच्छेद पाड, अक्षर सुवाच्य काढ, शुद्धलेखन सांभाळ, पेपरात वेळ बघून थांब. एवढं सांभाळलंस की मधे काय लिहायचं ते तुझं. गठ्ठाभर सारख्या पेपरांत एका मुलीने यादीचा कागद लिहिलेला सापडला, तर तपासणाऱ्या बाई तिथं थांबतील असा माझा विश्वास आहे. आणि समजा नाही थांबल्या, दोन मार्क गेले, तरी तू विचार करायला शिकलीस. ते पुढे कॉलेजात, नोकरीत, स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत उपयोगी पडणार आहे.

एक मात्र पाळायचं. दुसऱ्याचं दुःख लिहिताना नाव, गाव, नातं लिहायचं नाही. मावशीच्या मुलीची गोष्ट लिहायची असेल तर आधी तिला विचार. नको म्हणाली तर नको. आणि लिहिता लिहिता असं काही समोर आलं की एखाद्या मैत्रिणीचं लग्न ठरवलंय आणि ती अजून अठराचीही नाही, तर वही बाजूला ठेव. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. तू केलास तरी चालेल, मला सांगितलंस तर मी करीन. तिथं निबंध महत्त्वाचा नाही.

आज आईपाशी बस. तिच्या लग्नात काय काय ठरलं होतं, कुणी ठरवलं, तिला कुणी विचारलं का, एवढंच विचार आणि मधे बोलू नकोस. मग लिही. कच्चं असलं तरी चालेल, खाडाखोड असली तरी चालेल. फोटो काढून मला पाठव. शुद्धलेखन आपण दोघी मिळून बघू.