नोकरीची मुलाखत आणि विद्यार्थ्याचा पूर्वानुभव

शिक्षणाचे अखेरचे वर्ष संपत आले म्हणजे विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीचे वेध लागतात. अभ्यासविषयावरील प्रश्नांची त्याला फारशी धास्ती नसते. परंतु “सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा; त्या वेळी आपण काय केलेत?” असे विचारले जाताच अनेक हुशार विद्यार्थी गप्प होतात. ज्याने अद्याप नोकरीच केलेली नाही, त्याने अनुभव कोठून आणावा, असे त्यांना वाटते. हा समज चुकीचा असून त्यापायी गुणी उमेदवार मागे पडतात.

प्रश्नाचे मूळ

अशा प्रश्नांची पार्श्वभूमी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. १९४१ साली अमेरिकी सैन्याच्या हवाई दलात वैमानिकाच्या शिक्षणातून वगळलेल्या १,००० उमेदवारांबाबतची कारणे मानसशास्त्रज्ञांनी तपासली. त्यांत ‘निर्णयशक्ती कमी’, ‘प्रगती अपुरी’ असे मोघम शेरेच फार आढळले. उमेदवाराने प्रत्यक्ष काय केले, हे त्यांवरून कळेना. या अनुभवातून जी पद्धती वाढली, तिचे विवेचन जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ साली केले. निरीक्षकाने केवळ मत देऊ नये, तर घडलेला प्रसंग व त्यातील कृती नोंदवावी, हे तिचे सार होय. पुढे १९८२ साली टॉम जान्झ यांनी उमेदवाराच्या पूर्ववर्तनावर आधारलेल्या मुलाखतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. समान परिस्थितीत माणूस पूर्वी जसा वागला, तसाच पुढेही वागण्याचा संभव अधिक, हे या मुलाखतीचे गृहीतक आहे.

उत्तराची चार अंगे

परीक्षकाला चार गोष्टी हव्या असतात: परिस्थिती, उमेदवारावरील जबाबदारी, त्याने केलेली कृती आणि तिचे फलित. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मांडणीस ‘स्टार’ असे नाव रूढ आहे. पहिली दोन अंगे थोडक्यात सांगावी. बहुतेक वेळ कृतीला द्यावा.

समजा, एका विद्यार्थ्याने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात नाल्यावर पोत्यांचा बंधारा घालण्याच्या कामात भाग घेतला आहे. “आम्ही सर्वांनी एकजुटीने बंधारा बांधला,” एवढेच तो सांगेल, तर परीक्षकाला त्याच्याविषयी काहीच कळणार नाही. तोच प्रसंग असा सांगता येईल: “दुसऱ्या दिवशी रिकामी पोती संपली आणि काम अडले. पोती जमविण्याची जबाबदारी माझी होती; नाल्याची रुंदी न मोजता मी अंदाजाने संख्या ठरविली होती. मी तुकडीपुढे चूक कबूल केली, नाला मोजून उणीव काढली आणि गावातील एका बांधकामावरून पोती मागून आणली. बंधारा एक दिवस उशिरा पुरा झाला. पुढील शिबिरासाठी केलेल्या यादीत ‘आधी मोजमाप’ ही पहिली ओळ मीच लिहिली.” या उत्तरात चूक लपविलेली नाही, तरीही, किंबहुना म्हणूनच, उमेदवाराची योग्यता दिसून येते.

तयारी कशी करावी

स्मृती ही जशीच्या तशी जपलेली नोंद नव्हे; आठवताना मन प्रसंगाची पुन्हा जुळणी करते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले. म्हणून ऐन मुलाखतीत आठवू लागणे धोक्याचे. विद्यार्थ्याने एक वही करावी. मतभेद, अपयश, मुदतीचे काम, पुढाकार, नवे कौशल्य शिकणे व इतरांना साहाय्य करणे या सदरांखाली सहा ते आठ खरे प्रसंग टिपावे. प्रयोगशाळा, वसतिगृह, क्रीडांगण, घरचे दुकान वा शेत, धाकट्या भावंडांची शिकवणी, यांपैकी कोठलाही अनुभव क्षुद्र नाही. नंतर नोकरीची जाहिरात वाचून तीत अपेक्षिलेल्या गुणांशी हे प्रसंग ताडून पाहावे.

वही पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ती मिटून मित्रापुढे बोलून दाखवावे. वाचलेला मजकूर आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो, असे रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत आढळले. मात्र शब्दन्‌शब्द पाठ करू नये. एक प्रसंग सुमारे दोन मिनिटांत सांगता यावा.

उसना प्रसंग सांगण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. “मग आपले सहकारी काय म्हणाले?”, “दुसरा उपाय का योजला नाही?” असे उपप्रश्न येताच रचलेली कथा ढासळते. जो प्रसंग खरोखर अनुभवला आहे, त्याचे तपशील आठवणे पुष्कळच सुकर असते.

निकालाचा अर्थ

पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या विविध साधनांची तुलना केली. ठरावीक प्रश्न सर्वांना समान रीतीने विचारणारी सुसूत्र मुलाखत तीत अग्रस्थानी आली. तरीही मुलाखतीतील गुण व नंतरचे प्रत्यक्ष काम यांतील सहसंबंध सरासरीने ०.४२ एवढाच आढळला. पूर्ण मेळ असता, तर तो १ आला असता. तेव्हा उत्तम मुलाखतीचाही निर्णय चुकू शकतो. नकार मिळालेल्या विद्यार्थ्याने तो स्वतःच्या योग्यतेवरील अखेरचा शिक्का मानू नये. कोणत्या प्रश्नाला अडखळलो, ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे. पुढील मुलाखतीची तयारी तेथूनच सुरू होते.