टक्का कशावर? – खरेदीतील चढ, सूट आणि उधारीचा हिशेब



उतारा १० वरून ११ वर गेला की आपण म्हणतो, एक टक्का वाढला. पण टनामागे साखर १०० किलोची ११० किलो झाली, म्हणजे साखर वाढली दहा टक्के. दोन्ही बोलणी खरी आहेत. पहिला टक्का उसाच्या वजनावर मोजला, दुसरा आधीच्या साखरेवर. कारखान्याच्या हिशेबात आपण एवढे बारकाईने बघतो आणि खताच्या दुकानात मात्र "२५ टक्के सूट" ऐकून खूश होतो. टक्का कशावर, हे विचारायचे राहूनच जाते.

गेल्या महिन्यात गट ऑफिसात एक सभासद विद्राव्य खताची पावती घेऊन आले. म्हणाले, "साहेब, बाराशेचा माल नऊशेला आणला." शेजारी बसलेल्या दुसऱ्या सभासदांनी तोच माल, तेवढ्याच वजनाचा, ८५० रुपयांना आणला होता. त्यांना सूट काहीच सांगितली नव्हती, सरळ भाव सांगितला होता. पहिले सभासद गप्प झाले. तेव्हा हा हिशेब सर्वांसाठी मांडावा असे वाटले.

१. चढ खरेदीवर, सूट छापील किमतीवर

जुन्या माणसांना सवाई-दिडी नवीन नाही. शंभराचे सव्वाशे केले तर सवाई, म्हणजे २५ टक्के चढ. आता त्या सव्वाशेवर २५ टक्के सूट दिली तर किंमत शंभरावर येईल का? नाही. १२५ चे २५ टक्के म्हणजे ३१ रुपये २५ पैसे, आणि किंमत येते ९३.७५ वर. शंभरावर यायला २० टक्केच सूट पुरते. चढताना टक्का लहान रकमेवर मोजला जातो, उतरताना मोठ्या रकमेवर. म्हणून हे ध्यानात ठेवा:

- सवाईने चढवलेली किंमत पाचवा हिस्सा (२० टक्के) कमी केला की मूळ पदावर येते.
- दिडीने चढवलेली किंमत तिसरा हिस्सा (३३ टक्के) कमी केला की मूळ पदावर येते.
- दुप्पट केलेली किंमत निम्मी (५० टक्के) केली की मूळ पदावर येते.

वरच्या पावतीतला माल दुकानदाराला ८०० ला पडला असे धरू. छापील किंमत १२००, म्हणजे दिडी. २५ टक्के सूट गेली ३०० रुपये, हातात आले ९००. एवढी सूट देऊनही आठशेमागे शंभर, म्हणजे साडेबारा टक्के सुटले. यात दुकानदाराचे काही चुकले नाही. भाडे, हमाली, नोकर हे त्यालाही आहेच. पण सूट मोठी म्हणून माल स्वस्त, हे आपले गणित मात्र चुकले.

छापील किंमत सर्व करांसहित असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला बंदी नाही. ती भावाची वरची हद्द आहे एवढेच समजावे.

२. सुटीवर सूट

"२० टक्के आणि वर आणखी १० टक्के" म्हणजे ३० टक्के नव्हे. हजाराचे आठशे झाले, पुढची दहा टक्के सूट त्या आठशेवर. राहिले ७२०, म्हणजे एकूण सूट २८ टक्के. "दोनावर एक फुकट" म्हणजे तीन नगांना दोन नगांचे पैसे, सूट ३३ टक्के. पण तिसरा नग लागणार असेल तरच ती सूट.

३. जोडमाल

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत सध्या २६६ रुपये ५० पैसे आहे. तीन गोण्यांचे ७९९.५० झाले. "सोबत ही २४० ची बाटली घ्यावीच लागेल" असे कोणी म्हटले, आणि बाटली आपल्याला नको असली, तर गोणी पडली ३४६ रुपये ५० पैशांना. म्हणजे सुमारे ३० टक्के चढ, आणि पावतीवर मात्र गोणीचा भाव बरोबर! अशी सक्ती करता येत नाही. पावती मागून घ्यावी आणि तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यावी.

४. उधारीचा छुपा टक्का

सर्वांत जास्त पैसा इथे जातो. "रोख ९००, उधार हजार, बिल आल्यावर द्या." शंभर रुपये काही मोठे वाटत नाहीत. पण जुलैअखेर घेतलेला माल नोव्हेंबरअखेरच्या ऊस बिलावर फेडला तर चार महिने झाले. नऊशेवर शंभर म्हणजे चार महिन्यांना ११ टक्के, वर्षाला ३३ टक्के! तेच ९०० रुपये सोसायटीच्या पीककर्जातून ७ टक्क्यांनी घेतले तर चार महिन्यांचे व्याज २१ रुपये.

आता लागणीचा सगळा खर्च धरा. रोखीने १८,००० चा माल उधारीत २०,००० ला पडला, तर जादा गेले २,०००. पीककर्जाचे व्याज झाले असते ४२०. हा १,५८० रुपयांचा फरक आपल्याच घामाचा आहे. मुदतीत फेड करणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, ती वेगळीच. म्हणून पीककर्ज वेळेवर उचलावे, लागणीसाठीच ठेवावे आणि खत-औषध रोखीने घ्यावे.

५. घरी करून पाहा

पाठीवरचा पंप घ्यायचा आहे. एका दुकानात किंमत १,६०० आणि सूट ३० टक्के. दुसऱ्या दुकानात तसाच पंप १,५०० ला, सूट २० टक्के आणि वर ५ टक्के. कोणता स्वस्त? शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवून हिशेब मांडा. (उत्तर: पहिला १,१२० ला, दुसरा १,१४० ला.)

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. शेवटी हातातून किती रुपये जाणार? त्यात किलो किंवा लिटर किती माल येणार? रोखीचा भाव काय आणि उधारीचा काय? ही तीन उत्तरे कागदावर लिहून दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहिली की टक्क्याच्या पाटीला भुलायचे कारण उरत नाही. हिशेबात अडले तर पावती घेऊन गट ऑफिसात या, बसून सोडवू.

– ऊस विकास अधिकारी