दूध-तुपातील ‘अ’ जीवनसत्त्व कसे मोजतात?

दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गर्बर पद्धतीने फॅट किती ते कळते. परंतु त्यात विरघळलेली अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे किती, ते कळत नाही. त्यासाठी वेगळे पृथक्करण करावे लागते.

रंगावरून अंदाज नको

म्हशीचे तूप पांढरे, म्हणून त्यात ‘अ’ जीवनसत्त्व नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. पिवळा रंग कॅरोटीनचा असतो. म्हैस चाऱ्यातील कॅरोटीनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात करते. गाईच्या दुधात काही कॅरोटीन तसेच उतरते.

तपासणीची पद्धत

१) साय वर येते, म्हणून दूध चांगले ढवळून नमुना घ्यावा. उजेडाने ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट होते. नमुना तपकिरी बाटलीत, थंड जागी ठेवावा.

२) नमुना अल्कोहोलयुक्त पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवितात. स्निग्धांशाचा साबण होतो, जीवनसत्त्व मोकळे होते. हवेतील प्राणवायूपासून संरक्षणासाठी पायरोगॅलॉल घालतात. (‘के’ जीवनसत्त्व अल्कलीत टिकत नाही, त्याची पद्धत निराळी आहे.)

३) हेक्झेनने जीवनसत्त्व वेगळे काढून, पाण्याने धुऊन, नत्रवायूच्या झोतात द्रावक उडवितात.

४) उरलेला अंश ठरावीक द्रावणात घेऊन एचपीएलसी यंत्रावर ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात आणि प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहतात.

उदाहरणार्थ, १० मिलि दुधापासून ५ मिलि अंतिम द्रावण केले आणि त्यात मिलिमागे ०.६ मायक्रोग्रॅम आढळले, तर १० मिलि दुधात ३, म्हणजे लिटरमध्ये ३०० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व झाले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार जीवनसत्त्वयुक्त केलेल्या टोन्ड दुधात हे प्रमाण लिटरला २७० ते ४५० मायक्रोग्रॅम असावे लागते.

गोठ्यात काय करावे?

दुधातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ हिरव्या चाऱ्यात आहे. वाळलेल्या कडब्यात कॅरोटीन फारच कमी असते. केवळ कडब्यावर पोसलेल्या गाभण जनावराच्या चिकातही ‘अ’ जीवनसत्त्व कमी उतरते. वासरू मात्र जन्मतः त्याचा अल्प साठा घेऊन येते व चिकावरच अवलंबून असते. कमतरता राहिल्यास वासराला रातांधळेपणा येतो, रोगप्रतिकारशक्ती घटते. म्हणून उन्हाळ्यासाठी लसूणघास किंवा हिरव्या मक्याचे नियोजन आधीच करावे, गाभण जनावरांना तो प्राधान्याने द्यावा आणि वासराला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजावा.