शाळेचे ई-मेल खाते व संगणकाचे विषाणू : शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

प्रास्ताविक

शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असावी, हे शिक्षकांस सांगावे लागत नाही. परंतु शाळेचे बरेचसे दप्तर आता कपाटात राहिलेले नाही. विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकखात्यांचे तपशील ही सारी माहिती संगणकात असते व ई-मेलने जा-ये करते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावी दिले गेले. त्या नोंदींचे मोल आपल्याला निराळे सांगावयास नको. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. मुलाची जन्मतारीख बदलता येत नाही. म्हणून शाळेचे खाते सांभाळणे हे मुलांच्या विश्वासाचे रक्षण होय.

संकट कोणत्या रूपाने येते?

विषाणू म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात शिरून आपल्या प्रती वाढविणारा, माहिती चोरणारा किंवा नासविणारा प्रोग्रॅम. तो बहुधा परिचिताच्या वेषाने येतो. मे २००० मध्ये फिलिपाईन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा विषाणू प्रेमपत्राचे नाव धारण करून ई-मेलने येई. जोडलेली फाईल उघडताच तो त्या संगणकातील पत्तायादीत असलेल्या सर्वांना स्वतःची प्रत पाठवी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे, म्हणून पुढचा मनुष्यही ते निःशंकपणे उघडी.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातील आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका नेहमीच्या प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील मालधक्क्याचे काम विस्कळित झाले. संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी दिसे. परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्या विषाणूत ठेवलेलीच नव्हती.

आपल्या शाळांत हे संकट अधिक साध्या मार्गांनी येते. जेथे नेटवर्क मिळत नाही, तेथील शिक्षक तालुक्याच्या गावी दुकानातील संगणकावर माहिती भरतात आणि परतीच्या गाडीच्या घाईत खाते उघडेच राहते. एकच पेन ड्राइव्ह अनेक ठिकाणी फिरतो. मग त्यातील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी केवळ ‘शॉर्टकट’ दिसू लागतात. फलकावर रंगविलेला यूडायस क्रमांकच काही ठिकाणी पासवर्ड म्हणून वापरला जातो!

खाते परक्याच्या हाती गेल्यास

आपण न पाठविलेली पत्रे पाठविलेल्या पत्रांत दिसणे, नेहमीचा पासवर्ड न चालणे, अनोळखी ठिकाणाहून खाते उघडल्याची सूचना येणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी पुढील क्रम पाळावा. येथे क्रमालाच महत्त्व आहे.

१. ज्या संगणकाविषयी शंका आहे, त्यावरून पासवर्ड बदलू नये. आत विषाणू असल्यास तो दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवू शकतो व नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो. खात्रीच्या दुसऱ्या संगणकावरून वा मोबाईलवरून बदल करावा. खाते उघडतच नसेल, तर नोंदविलेल्या मोबाईल क्रमांकाच्या आधारे ते परत मिळविण्याची सोय वापरावी.

२. इतर सर्व उपकरणांवरील खाते बंद करावे. सेटिंगमध्ये जाऊन पर्यायी मोबाईल क्रमांक व पत्ता आपलाच आहे ना, हे पाहावे. आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठविण्याची सूचना चोराने लावून ठेवली असेल, तर पासवर्ड बदलल्यानंतरही ती पत्रे त्याच्याकडे जात राहतात. ती सूचना शोधून काढून टाकावी.

३. दुहेरी पडताळणी सुरू करावी. तोच पासवर्ड अन्यत्र वापरला असल्यास तेथेही बदलावा.

४. केंद्रप्रमुख, इतर शाळा व पालक यांना दूरध्वनीने कळवावे. शाळेच्या नावाने पैशाची मागणी गेली असण्याचा संभव असतो.

५. संशयास्पद पत्रे पुसून टाकू नयेत. तो पुरावा आहे. पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

या साऱ्यात विलंब हाच मोठा शत्रू होय. ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने शिक्षक चार दिवस गप्प राहिला, तर त्या चार दिवसांत चोर शाळेच्या नावावर पालकांना फसवू शकतो. चोरी झाल्याचे सांगणाऱ्यास दोष देऊ नये, ही वरिष्ठांचीही जबाबदारी आहे. कारण एकदा रागावल्यावर दुसऱ्या वेळी कोणी सांगावयास येत नाही.

संगणकात विषाणू शिरल्यास

प्रथम संगणक इंटरनेटपासून तोडावा व त्यास कोणताही पेन ड्राइव्ह लावू नये. अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. तेवढ्याने भागले नाही, तर जाणकाराकडून संगणकाची मूळ प्रणाली नव्याने बसवून घ्यावी. अशा वेळी माहितीची निराळी ठेवलेली प्रत उपयोगी पडते. ती दर आठवड्यास घ्यावी आणि प्रत घेतल्यानंतर ते साधन संगणकापासून अलग ठेवावे. जोडून ठेवलेली प्रत विषाणू मूळ माहितीबरोबरच नासवितो.

वर्गातील पाठ

इयत्ता पाचवी ते सातवीसाठी संगणकाविना हा पाठ घेता येतो. मुख्याध्यापकांचे नाव, परंतु निराळे हस्ताक्षर असलेली चिठ्ठी वर्गात वाचावी : ‘उद्या प्रत्येकाने दहा रुपये आणावेत; कोणाला विचारू नये.’ चिठ्ठी खरी की खोटी, हे कसे ओळखावे, असे मुलांस विचारावे. हस्ताक्षर, घाई, पैसे व ‘विचारू नये’ ही अट, या चारही खुणा मुलांकडूनच काढून घ्याव्यात. ‘आम्ही ऑफिसात जाऊन विचारू’ हे उत्तर आले, की पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे. तेच उत्तर मुलांना घरी, वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी मागणारा फोन आला असता द्यावयाचे आहे. पाठ संपताना चिठ्ठी बनावट होती, हे स्पष्ट सांगावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या खात्याचा पासवर्ड किती जणांस ठाऊक आहे? बदली झालेल्या शिक्षकाकडून कार्यभार घेताना तो बदलला होता काय?

२. खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक आज कोणाजवळ आहे?

३. माहितीची शेवटची निराळी प्रत कोणत्या तारखेस घेतली?

उत्तरे शाळेच्या नोंदवहीत लिहावीत. पासवर्ड मात्र तेथे लिहू नये.