काठी टाकून देणारा राजा

मंडळी, आज आम्ही तुम्हांला एका राजाची हकीकत सांगणार आहोत. हा राजा खरोखर होऊन गेलेला नाही. त्याचे राज्य कुठल्याही नकाशात सापडणार नाही. इंग्लंडात टोल्किन नावाचे एक प्राध्यापक होते. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात ते शिकवत. त्यांनी एक सबंध जगच मनाने रचले. त्या जगाची मोठी गोष्ट १९५४ आणि १९५५ साली तीन भागांत छापून निघाली. आपला राजा त्या गोष्टीतला.

राजाचे नाव थेओडेन. राज्याचे नाव रोहान. गवताळ माळांचा मुलूख, आणि घोड्यांवर जीव टाकणारे लोक. थेओडेनची राणी बाळंतपणातच वारली. मागे एक मुलगा राहिला. पुढे बहीणही गेली. तिची दोन पोरकी लेकरे राजाने घरी आणली आणि पोटच्या पोरांसारखी वाढवली. असा तो मायेचा माणूस.

पण उतारवयात राजाभोवती ग्रिमा नावाचा सल्लागार जमला. बोलायला गोड, पण आतून फितूर. शेजारचा सारुमान रोहानवर टपून बसला होता. ग्रिमा त्याचा मिंधा होता. तो रोज राजाचे कान भरी. तुम्ही थकलात, तुम्ही आजारी आहात, भाच्यावर विसंबू नका, असे सांगत राही. ऐकून ऐकून राजाला ते खरे वाटू लागले. तो पाठीत वाकला. हातात काठी आली. अंधाऱ्या दरबारात तो बसून राही. बाहेर काय चालले आहे, ते ग्रिमा सांगेल तेवढेच त्याला कळे. राजाची तलवारसुद्धा ग्रिमाच्या पेटीत कुलपात पडली!

याचे फळ काय झाले? सारुमानची फौज चालून आली. नदीच्या उतारावर राजाचा एकुलता एक मुलगा मारला गेला. भाचा एओमर शत्रूवर धावून गेला, तर हुकूम मोडला म्हणून त्यालाच कैदेत टाकले.

अशा वेळी गँडाल्फ नावाचा एक शहाणा म्हातारा दरबारात आला. त्याने आधी ग्रिमाचे तोंड बंद केले. मग राजाला दाराबाहेर मोकळ्या वाऱ्यात नेले आणि आपला मुलूख आपल्या डोळ्यांनी बघायला सांगितले. राजाने पाहिले. हातातली काठी गळून पडली. तो ताठ उभा राहिला.

मग राजाने भाच्याला सोडवले. ग्रिमाला मारले नाही. लढाईला चल, नाहीतर घोडा घेऊन वाट धर, असे सांगितले. ग्रिमा थुंकून निघून गेला. राजा स्वतः लढला आणि सारुमानची फौज मोडली. नंतर सारुमान गोड बोलून तह करू पाहत होता. राजा क्षणभर गप्प राहिला, पण फसला नाही. एकदा पोळला होता ना!

मग शेजारच्या गोंडोर राज्यावर संकट आले. राजा सहा हजार स्वार घेऊन मदतीला निघाला. वाटेत रानातल्या लोकांच्या मुखियाने त्यांना आडवाट दाखवली. बदल्यात त्याने एकच मागितले. आम्हांला जनावरांसारखे मारत सुटू नका. राजाने ते कबूल केले.

लढाईत घोडा अंगावर कोसळला आणि राजा मेला. मरताना त्याची तक्रार नव्हती. वाडवडिलांपुढे मान खाली घालावी लागणार नाही, याचे त्याला समाधान होते. गादी भाच्याकडे गेली.

थेओडेनने ३९ वर्षे राज्य केले. काठी टाकल्यावर तो जगला फक्त तेरा दिवस. पण लोकांनी त्याला नाव दिले ते या तेरा दिवसांवरून : पुन्हा नवा झालेला थेओडेन.

मंडळी, राजाला काय कमी होते? डोळे होते, पण तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होता. आपलेही कधी असेच होत नाही का? कागदावर काय आहे ते दुसऱ्याने सांगायचे, आणि आपण अंगठा उठवायचा. सांगणारा भला असेल तर ठीक. ग्रिमा असेल तर? जमीन जाते, भाऊ भावाला दुरावतो.

आता तुम्हांला वाचता येते. सल्ला जरूर घ्या. पण कागद आधी स्वतः वाचा, आणि मगच सही करा. उशीर झाला म्हणून लाजू नका. थेओडेनने काठी टाकली ती म्हातारपणीच.

विचार करा :
१. ग्रिमाने राजाला दुबळे कसे केले?
२. सारुमानच्या गोड बोलण्याला राजा का फसला नाही?
३. गेल्या वर्षात तुम्ही न वाचता कोणत्या कागदावर अंगठा दिला?